दर बुधवारची पिशवी: घरपोच वाचनालयाचा तीन वर्षांचा अनुभव

बुधवारी सकाळी अकरा ते साडेअकराच्या दरम्यान आमच्या दाराची कडी दोनदा वाजते. बेल नाही, कडी. बेलचा आवाज मला डोक्यात घण घातल्यासारखा लागतो, हे मी पहिल्या महिन्यात एकदाच सांगितलं होतं. त्यानंतर वाचनालयाच्या काकांनी बेलला हात लावलेला नाही. दार उघडलं तर पिशवी हातात न देता आतल्या स्टुलावर ठेवतात, ‘आज हलकी आहेत ताई’ म्हणतात, पाण्याचा पेला अर्धा पितात आणि निघतात. दार उघडलं नाही तर नवी पिशवी बाहेरच्या हुकाला अडकवतात आणि तिथेच लावून ठेवलेली जुनी घेऊन जातात. दार का उघडलं नाही, हे त्यांनी तीन वर्षांत एकदाही विचारलेलं नाही.

डोंबिवली पूर्वेतलं हे खासगी वाचनालय आहे. दोन गाळे, मधली भिंत पाडलेली, छतापर्यंत लोखंडी रॅक. अनामत ५०० रुपये, महिन्याची वर्गणी ३०० आणि घरपोच हवं असेल तर वर ५०. एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक, आठवड्यातून एकदा बदल. दिवाळी अंकांची योजना वेगळी, तिचे पैसे ऑक्टोबरात भरायचे. वाचनालयाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही लिहिणार आहे आणि त्या मी ताईंना तोंडावर सांगून झालेल्या आहेत. (ताई म्हणजे वाचनालय चालवणाऱ्या. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असतील.) माझ्यासारखं कुणी घरात अडकलेलं असेल तर त्याने आपल्या गावातल्या वाचनालयाकडे नेमकं काय मागावं, ते या लिहिण्यातून कळलं तरी पुष्कळ.

मला फायब्रोमायल्जिया आहे, म्हणजे अंगभर सतत दुखण्याचा आजार. सुरुवात कधी झाली ते नक्की सांगता येत नाही, पण मला आठवतं ते साहित्य संमेलन. २०१७ च्या फेब्रुवारीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या डोंबिवलीत भरलं होतं. तिन्ही दिवस जायचं असं मी ठरवलं होतं. पहिल्या दिवशी गेले, ग्रंथप्रदर्शनात चार तास उभी राहिले, दोन पिशव्या भरून पुस्तकं घेतली आणि रिक्षाची रांग बघून चालत घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताच येईना. रात्रभर कुणी तरी अंग कुटून काढल्यासारखं. दमले असेन म्हणून सोडून दिलं. ते दमणं गेलंच नाही.

पुढची अडीच वर्षं डॉक्टरांची. हाडांचे झाले, थायरॉइड झालं, ड जीवनसत्त्व झालं, मानेचा एमआरआय झाला. सूज आणि संधिवात शोधणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी फाइल मिटवत सांगितलं की तुम्हाला काही झालेलं नाही, मन रमवा. त्या दिवशी मी स्टेशनच्या जिन्यावर बसून रडले. दुखतंय याहून जास्त लागलं ते हे, की दुखत नाही असं मला सांगितलं गेलं.

शेवटी संधिवाताच्या तज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर माणसाची पुढून आणि मागून अशी आकृती होती आणि शरीराचे १९ भाग आखलेले होते. गेल्या आठवड्यात जिथे जिथे दुखलं तिथे खूण करा म्हणाल्या. मी १३ ठिकाणी केली. मग झोपेचं विचारलं, सकाळी उठल्यावर ताजं वाटतं का ते विचारलं, शब्द आठवत नाहीत असं होतं का ते विचारलं. पूर्वी १८ ठरावीक जागा दाबून बघायचे आणि ११ दुखल्या तर निदान करायचे, ती १९९० ची पद्धत. आता हा कागद आणि हे प्रश्न. स्नायूंत किंवा सांध्यांत सूज नसते, म्हणून रक्ताच्या तपासण्यांत काही सापडत नाही. बिघाड असतो तो दुखण्याचा निरोप मेंदूकडे नेण्याच्या आणि तिथे तो समजून घेण्याच्या कामात. थंड वारा, घट्ट कपडा, मोठा आवाज, यांचा निरोपसुद्धा दुखणं म्हणून पोहोचतो. दाराच्या बेलचा पोहोचतो तो असाच.

निदान झालं तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पण नाव मिळालं की आपण खोटं बोलत नाही एवढं तरी आपल्यापुरतं पक्कं होतं. दुखणं मात्र होतं तिथेच राहिलं, आणि त्याच्या मागून एकटेपण आलं.

डोंबिवलीत राहून फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्या बाईला मैत्रिणी असतात त्या गाडीतल्या. सकाळी आठ चौदाची फास्ट, बायकांचा मधला डबा, एकोणीस वर्षं तीच गाडी. कुणाची मुलगी दहावीला, कुणाच्या सासूबाईंचं ऑपरेशन, कुणाकडे कैरीचं लोणचं घातलं, सगळं त्या सव्वा तासात. भाजी निवडायची ती गाडीत, साडीचा हप्ता द्यायचा तो गाडीत. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं बांधायची आणि सगळ्यांना पेढे वाटायचे. माझ्या मुलीच्या बारशाची घुगरी मी त्या डब्यात वाटली होती.

उभं राहणं जमेना तेव्हा त्यांनी मला बसायला जागा दिली, महिनाभर, दोन महिने, वर्षभर. दिव्यांगांच्या डब्यात मला चढता येत नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजलेले आहेत, त्यांत फायब्रोमायल्जिया नाही, त्यामुळे दाखला नाही. बाहेरून बघणाऱ्याला तर मी धडधाकट बाई. २०२१ मध्ये नोकरी सोडली. गाडीचा व्हॉट्सअॅप ग्रुप अजून आहे. पण त्यावर येणारं सगळं गाडीतलं: ‘आज कोण कोण?’, ‘कल्याणला लेट आहे’, ‘खिडकी धरून ठेव’. मी वाचायचे आणि फोन उलटा ठेवायचे. त्यांनी मला टाकलं असं मुळीच नाही. पहिली दोन वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक डोहाळजेवणाला बोलावणं आलं आणि प्रत्येक वेळी मी आधी ‘येते’ म्हणाले आणि त्या दिवशी सकाळी ‘नाही जमणार गं’ असा फोन केला. या दुखण्यात उद्या कसं असेल ते आज कळत नाही. वीस वेळा असं झाल्यावर माणसं बोलवायची थांबतात. त्यांना वाटतं, हिला कशाला अवघडल्यात टाका. तीही मायाच. पण घरात बसलेल्याला फक्त फोन वाजत नाही एवढंच कळतं.

नवरा सकाळी सात चाळीसला जातो, रात्री साडेआठला येतो. मुलगी पुण्याला नोकरी करते. मधले तेरा तास मी, पंखा आणि समोरच्या इमारतीतला कुत्रा. मराठी वाचता-लिहिता येणारी, रोज चाळीस माणसांशी बोलणारी बाई मी, एका आठवड्यात माझा आवाज फक्त दूधवाल्याने ऐकला असं झालेलं आहे. २०२२ च्या जूनमध्ये माझ्या वाढदिवसाला मुलीने या वाचनालयाची वर्षाची वर्गणी परस्पर भरली. इथून पुढे खरा अभिप्राय.

पहिल्या बुधवारी आली ती सातशे पानांची कादंबरी. मी फॉर्ममध्ये ‘कादंबऱ्या आवडतात’ असं लिहिलं होतं, चूक त्यांची नव्हतीच. पण ती मला धरता येईना. पडून वाचायला घेतली तर मनगटातून कोपरापर्यंत कळ जायची, मांडीवर ठेवली तर मान वाकवून मानेमागे आग व्हायची. उशीवर उभी केली तर पडायची. तिसऱ्या दिवशी मी ती स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. ९१० ग्रॅम. मग घरातली एकेक पुस्तकं ठेवून बघितली आणि दहा मिनिटं हातात धरून बघितली. अडीचशे ग्रॅमपर्यंत मला जमतं. तीनशेला अंगठ्याच्या बुंध्याशी दुखायला लागतं.

वाचनालयात फोन केला आणि माझी अडचण सांगायला लागले. मला सवयच झाली होती, की आधी आजाराचं नाव सांगायचं, मग ते काय असतं ते सांगायचं, मग समोरचा आपल्या मावशीच्या गुडघ्यांबद्दल सांगणार. ताईंनी मधेच विचारलं, “किती ग्रॅमपर्यंत चालेल तुम्हाला?” मी अडीचशे म्हणाले. “थांबा, लिहून घेते.” बस, एवढंच. पाच वर्षांत माझ्या दुखण्याबद्दल आकडा विचारणारं हे पहिलं माणूस.

पुढच्या बुधवारपासून येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, तारखांच्या चिठ्ठीच्या वर, शिसपेन्सिलीने बारीक आकडा असतो. २१०. १८५. २४०. ताईंनी काउंटरवर छोटा काटा आणून ठेवला. आता हा आकडा माझ्यापुरता राहिलेला नाही. मनगट मोडलेले, पार्किन्सनमुळे हात थरथरणारे, बाळंतीण, बरेच जण विचारतात म्हणे. मी वाचून झालं की आकड्याच्या शेजारी एक ठिपका देते. तो मी वाचल्याची खूण म्हणून. तीन वर्षांत ठिपके बरेच झालेत.

आता तक्रार, कारण ती याच वजनाशी निगडित आहे. हे वाचनालय नवीन पुस्तक आलं की त्याचं मूळ कव्हर जपून पुठ्ठ्याची बांधणी करून घेतं, वरून रेक्झिन. पुस्तक दहा वर्षं टिकावं म्हणून. मला त्यांचं गणित समजतं, शंभर हातांतून जाणारं पुस्तक आहे. पण त्या बांधणीने दोनशे ग्रॅमचं पुस्तक सव्वातीनशेचं होतं. शिवाय कडेने आरपार तारा मारलेल्या असतात, त्यामुळे पुस्तक सपाट उघडत नाही. डाव्या अंगठ्याने पान दाबूनच धरावं लागतं, आणि सोडलं की मिटतं. आतल्या समासातली अक्षरं तर बघायलाच मिळत नाहीत, ओळीचा शेवटचा शब्द अंदाजाने वाचायचा. दुखणाऱ्या हाताला वजनापेक्षा हे दाबून धरणं जास्त महागात पडतं. मी हे ताईंना तीन वेळा सांगितलं. आता त्या काही पुस्तकांची बांधणी करतच नाहीत, त्यांना नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर घालतात आणि घरपोचवाल्यांसाठी वेगळ्या रॅकमध्ये ठेवतात. रॅक अजून लहान आहे. कथासंग्रह आणि प्रवासवर्णनं बरीच, चरित्रं फार थोडी. ती वाढावीत अशी माझी मागणी कायम आहे.

दुसरी तक्रार पावसाळ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या पुस्तकांना कुबट वास येतो. तीव्र वासानेही माझं डोकं चढतं. दोनदा मी पुस्तक न उघडता परत केलं. यावर त्यांच्याकडे उपाय नाही, जागा तळमजल्याची आहे. मी पावसाळ्यात मासिकं आणि नवीच पुस्तकं मागवते.

वाचण्याचंही सांगायला हवं. या आजारात दुखण्याइतकंच छळतं ते डोक्यातलं धुकं. वाक्य सुरू केलं की शेवटापर्यंत जाईतो सुरुवात विसरते. कर्ता कोण होता, हे तर नेहमीचंच. घरातल्या चार पिढ्यांच्या कादंबऱ्या मी एकेकाळी लोकलमध्ये उभ्याने वाचलेल्या आहेत, आणि आता सहाव्या पानावर आलेला धाकटा दीर बाराव्या पानावर मला ओळखू येत नाही. ही गोष्ट मी ताईंना बऱ्याच दिवसांनी सांगितली, कारण तिची मला लाज वाटायची. त्यांनी पुढच्या आठवड्यात एक जुनीच, पातळशी कादंबरी पाठवली. तिच्यात पहिल्या पानाला टाचणीने एक कागद लावलेला होता. निळ्या शाईतलं तिरकं, जुन्या वळणाचं अक्षर. घरातल्या सगळ्यांची नावं, कोण कोणाचा कोण, आणि प्रत्येकापुढे एक खूण: ‘तोतरा’, ‘कोर्टात कारकून’, ‘पान ५१ वर वारते’.

मी ती कादंबरी अकरा दिवसांत पूर्ण केली. चार वर्षांत पूर्ण केलेली पहिली.

कागद लिहिणारे होते वाचनालयाचेच सभासद, रामनगरमधले ८२ वर्षांचे आजोबा. गुडघ्यांनी जिना उतरता येत नाही, म्हणून त्यांनाही घरपोच. ते स्वतःसाठीच असे कागद करत आणि पुस्तकात तसेच ठेवून देत. मी ताईंना म्हटलं, माझा नमस्कार सांगा. ताई म्हणाल्या, तुम्हीच सांगा, त्यांना विचारून नंबर देते.

तिथून गुरुवारचा फोन सुरू झाला. आजोबा, मी आणि मानपाडा रोडवरची एक मुलगी, स्कूटरच्या अपघातात पाय मोडल्यामुळे वर्षभर घरी बसलेली. ताईंनी तिघांना एकच पुस्तक पाठवायला सुरुवात केली. तीन प्रती असलेली पुस्तकं त्यांच्याकडे फार नाहीत, पण शोधून काढतात. गुरुवारी दुपारी साडेचारला ती मुलगी आम्हा दोघांना एका कॉलवर जोडते. वीस मिनिटं. कधी पस्तीस होतात. ‘कशी आहे तब्येत?’ याने कुणी सुरुवात करायची नाही, हे आजोबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. “ते सकाळपासून चार जणांनी विचारलेलं असतं. पान किती, ते सांगा.” म्हणून आम्ही फोन उचलला की आधी पान सांगतो. ‘सत्तेचाळीस.’ ‘मी अजून बारावरच.’ ‘मी संपवलं, पण काही बोलणार नाही.’ ज्याचं वाचन झालेलं नसेल त्याला कुणी का म्हणून विचारत नाही. ज्याने फोन उचलला नाही, त्याच्यासाठी शेवटी दोन मिनिटं आम्ही काय बोललो ते मुलगी रेकॉर्ड करून पाठवते.

मला हे किती मोठं आहे, ते तब्येत धड असलेल्या माणसाला समजावता येईल का, मला माहीत नाही. ‘नाही जमणार’ म्हटल्यावर पुढच्या वेळी पुन्हा बोलावणं येतं, ही गोष्ट माझ्या आयुष्यातून गेलेली होती. गेल्या पौषात माझे सलग चार गुरुवार गेले. थंडीत मला नेहमीच जास्त होतं. पाचव्या गुरुवारी साडेचारला फोन वाजला आणि आजोबा म्हणाले, “पान?” मी म्हटलं, “पहिलं.” ते म्हणाले, “मग आपण पहिल्या पानावरच बोलू आज.” आणि आम्ही खरोखर वीस मिनिटं एका पानावर बोललो. त्या पानावर पाऊस होता, आणि आजोबांनी मग १९४० च्या दशकातल्या त्यांच्या लहानपणच्या डोंबिवलीचा पाऊस सांगितला, स्टेशनपासून घरापर्यंत शेतातून वाट, बेडकांचा आवाज, कंदील.

मध्यंतरी चौथं माणूस जोडलं गेलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गुग्गुळाच्या गोळ्या, एरंडेल आणि ‘सकारात्मक विचार’ सांगितले. त्यांचा हेतू चांगला होता, तरी त्या दिवशी मी फोन ठेवल्यावर बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. मी ताईंना सांगितलं, ताईंनी त्यांना वेगळ्या वेळी स्वतःच फोन करायला सुरुवात केली. असं कुणाला न दुखावता काम करणं सोपं नाही. महिन्याला ३५० रुपयांत हे कुठल्या खात्यात बसतं ते मी शोधत नाही.

एक प्रसंग मात्र लिहायलाच हवा, कारण तेव्हा मी फार चिडले होते. २०२३ च्या शिमग्याला काका गावी गेले, कोकणात. गेले ते बरोबरच, वर्षातून एकदा पालखी नाचवायला माणूस जाणारच. पण आम्हाला कुणी कळवलं नाही. बुधवार गेला. मी अकरापासून दीडपर्यंत दाराकडे कान लावून होते. पुढचाही बुधवार गेला. ताईंचा फोन लागेना, त्यांच्याकडे लग्न होतं. त्या दोन आठवड्यांत माझी झोप पुन्हा बिघडली. एका रात्री अडीच वाजता मी १४४१६ ला फोन केला. टेलि-मानस, मानसिक आरोग्यासाठीची केंद्र सरकारची मोफत फोनसेवा, २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेली, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने मला नीट ऐकून घेतलं, घाई केली नाही. हे इथे मुद्दाम लिहितेय, कारण रात्री अडीचला वाचनालय उघडं नसतं आणि तसल्या रात्री पुस्तकाच्या भरवशावर काढायच्या नसतात.

काका परतल्यावर मी ताईंना स्पष्ट सांगितलं, की तुमच्यासाठी तो एक चुकलेला फेरा आहे, माझ्यासाठी तो आठवड्यातला एकमेव दार वाजण्याचा दिवस आहे. त्यांनी माफी मागितली, कारणं दिली नाहीत. आता काका सुट्टीवर जाणार असतील तर आधीच्या पिशवीत चिठ्ठी असते आणि तिसरं पुस्तक जास्तीचं असतं. गेल्या वर्षी आषाढीला चिठ्ठी होती, गणपतीला होती. एकदाही चुकलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी स्वतः वाचनालयात गेले. चौदा महिन्यांत पहिल्यांदा दुकान म्हणून कुठे गेले ते हेच. डॉक्टरबाईंनी मला चालायला सांगितलेलं आहे. या दुखण्यात औषधं थोडीफार साथ देतात, पण बेताने, न चुकता केलेल्या व्यायामाचा आधार सगळ्यात पक्का, असं त्या पहिल्यापासून सांगत होत्या. मी आवारात सात मिनिटांपासून सुरुवात केली होती, अठरापर्यंत आले होते. रिक्षाने गेले. दाराशी तीन पायऱ्या आहेत, कठडा नाही, हे व्यंग लिहून ठेवते. आत गेल्यावर ताईंनी काही न बोलता रॅकमधली खुर्ची ओढून पंख्याच्या झोताबाहेर ठेवली. पंख्याचा वारा मला सोसत नाही, हे मी कधी सांगितलं होतं तेही मला आठवत नव्हतं. नवीन दिवाळी अंकांचा ढीग काउंटरवर होता. शाईचा वास. ताई अंक चाळत म्हणाल्या, १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपलं हे वेड चालूच आहे. शाळकरी मुलगा आला, रहस्यकथा बदलून गेला. एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वीचा दंड भरायला आले. मी पंचवीस मिनिटं बसले आणि माणसं येताना-जाताना बघितली. घरी येऊन दोन दिवस अंथरुणात होते. ते ठाऊक असूनच गेले होते, आणि जूनमध्ये पुन्हा जायचा विचार आहे, फक्त पायऱ्यांशी कठडा लागला तर बरं. ताई म्हणाल्यात की सोसायटीची परवानगी काढतायत.

मोबाइलवर वाचता येतं, ऐकता येतं, मग पुस्तकं कशाला, असं माझी मुलगी विचारायची. ऐकण्याची पुस्तकं मी वापरते, फार वाईट रात्री त्यांचा आधार वाटतो, डोळे मिटून ऐकता येतं. पण ती कुणी घेऊन येत नाही. त्यांत टाचणीने लावलेला कागद नसतो. आणि मागच्या चिठ्ठीवरच्या तारखा नसतात. त्या तारखा मी वाचते, १९९८, २००४, मग सात वर्षं कुणीच नाही, मग २०११. माझ्याआधी कुणी तरी हेच पान चहा सांडून वाचलेलं आहे, तो डाग असतो.

तुमच्या गावात असं वाचनालय असेल तर त्यांना एवढं विचारा: पुस्तक बदलायला येणारा माणूस ठरलेला आहे का, की दर वेळी नवा? कारण ओळख होण्यात सगळं आहे. बेल न वाजवता कडी वाजवतील का? दार उघडलं नाही तर पिशवी अडकवून जातील का, की फेरा रद्द धरतील? मी आधी एका दुसऱ्या ठिकाणी चौकशी केली होती, तिथे तीनदा दार बंद मिळालं तर सभासदत्व स्थगित, असा नियम होता. आमच्यासारख्यांना तो नियम परवडत नाही. आणि वजन विचारा. हसले तरी विचारा.

मी पाचपैकी चार देते. एक कापला तो बांधणीचा आणि पायऱ्यांचा.

मानपाडा रोडवरच्या मुलीचा पाय आता बरा आहे आणि या जूनपासून ती पुन्हा कॉलेजला जायला लागणार. आजोबांना वाटलं आता गुरुवार सुटला. तिनेच सांगितलं की साडेचारऐवजी संध्याकाळी साडेसात करू, ती स्टेशनवरून घरी चालत येता येता फोन जोडेल. साडेसातला मला बहुतेक दिवशी पडावंच लागतं. मी म्हटलं चालेल, पडूनच बोलेन. या आठवड्याचं पुस्तक १९५ ग्रॅमचं आहे, मी पान एकतीसवर आहे.